दार लावायला गेलेला मामा

रोज सकाळी, चहा उकळायच्या आत, मामा खिळ्यावरची घराची किल्ली काढायचा आणि शिसपेन्सिलीचं टोक तिच्या दातांवर घासायचा. मग ती दाराच्या कुलपात घालून दोनदा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचा. तेल घातलं की धूळ चिकटते, शिसं लावलं की कुलूप शहाण्यासारखं वागतं, असं त्याचं म्हणणं. आई चिडायची. "दादा, घरातली माणसं कुरकुरतात ते तुला ऐकू येत नाही, कुलूप कुरकुरलेलं बरं ऐकू येतं!"

"कुलूप उगाच कुरकुरत नाही," मामा म्हणायचा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. कचेरीच्या पायऱ्यांशेजारी अडीच हात रुंदीच्या टपरीत बसून त्यानं अडतीस वर्षं लोकांना किल्ल्या करून दिल्या. कुणी धापा टाकत येऊन म्हणालं, "चला, दार उघडून द्या, किल्ली हरवली," की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "घर कुणाचं?" नुसतं 'माझं' म्हणून भागायचं नाही. शेजाऱ्याला बोलवा, कागद दाखवा, मग हत्यारं पिशवीबाहेर. या एका प्रश्नापायी त्यानं कितीतरी गिऱ्हाइकं घालवली. एका बड्या साहेबाला त्याच्याच दारात पाऊण तास उभं केलं होतं.

पुढे त्याचे हात थरथरायला लागले. किल्ली घासताना कानस भलतीकडे जायची. एका बाईंची किल्ली तीनदा बिघडली, तेव्हा त्यानं टपरी दुसऱ्याला दिली आणि घरी बसला. त्यानंतरच्या चार महिन्यांत तो दोनदा उंबऱ्याबाहेर पडला, दोन्ही वेळा डॉक्टरकडे. चहा पिताना कुणी बघतंय असं वाटलं तर कप खाली ठेवून द्यायचा आणि चहा गार होऊ द्यायचा.

"याला कुठेतरी ने गं," आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "भिंतींशी बोलायला लागायच्या आत ने."

म्हणून मी त्याला आमच्या रविवारच्या खेळाला नेलं.

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, गोष्ट रचत जायचा हा खेळ. अशा खेळाला पहिल्यांदा येणाऱ्याला सल्ला द्यायला जो तो टपलेला असतो. नियमांचं पुस्तक वाचून या. आपलं पात्र घरूनच ठरवून आणा. लाजू नका. फार बोलूही नका. मीसुद्धा वाटभर मामाला हेच ऐकवत गेले. आता ते आठवलं की संताप येतो. येणारा बिचारा एकटा असतो, नवी जागा, नवी माणसं, आणि उपदेश त्यालाच. आधीपासून खुर्च्या अडवून बसलेल्यांना कुणी एका शब्दानं काही सांगत नाही.

आम्ही चौघं एका फ्रेम करणाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायचो. भिंतीवर चित्रं नसलेल्या चौकटी टांगलेल्या, कोपऱ्यात काचांची मांडणी, सगळीकडे सरसाचा वास. काच कापायच्या टेबलावर जाड हिरवं कापड होतं, त्यामुळे फासा पडला तरी आवाज व्हायचा नाही. फ्रेमवाला आमचा सूत्रधार. तो प्रसंग सांगायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "तुम्ही काय करता?" सगळा खेळ या प्रश्नावर चालतो. जमेल की फसेल याची खात्री नसेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं.

मी वैदू होते. दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक ताई होती, ती तलवारबाज. आणि विमा कचेरीतला एक जण मांत्रिक. त्याला सगळी पुस्तकं पाठ, म्हणून आम्ही त्याला नियमावली म्हणायचो. तो याला कौतुक समजायचा.

"मामा किल्ल्या करायचे ना? मग हे घ्या, अगदी तुमच्यासाठीच," असं म्हणत नियमावलीनं एक कागद पुढे सरकवला.

मामानं चष्मा नाकावर नीट बसवून कागद वाचला. पुन्हा वाचला. "चोर कोण?"

"तुम्ही. म्हणजे तुमचं पात्र. कुलपं उघडतो तो."

"कुलपं उघडतो तो चोर? अरे, अडतीस वर्षं कचेरीच्या दारात बसलो मी. पोलीस मला बोलवायला यायचे, पकडायला नव्हे!"

"मामा, हा खेळ आहे."

"खेळ आहे ना? मग तुला लाच खाणारा कारकून करूया. चालेल?"

ताई फिसकन हसली. नियमावलीचे कान लाल झाले. "कुलूपवाला असा प्रकार पुस्तकात नाही," तो म्हणाला.

"पुस्तकात नसेल. इथे बसलाय ना तुझ्यासमोर!"

फ्रेमवाल्यानं मुकाट्यानं 'चोर' खोडून 'कुलूपवाला' लिहिलं. मला वाटलं, झालं, आता मार्गी लागलं.

गोष्ट सुरू झाली. नदीकाठी एक घर. दाराला भलं थोरलं कुलूप. आत पेटीत एक नकाशा, तो आम्हांला हवा होता. फ्रेमवाला मामाकडे वळला. "कुलूपवाले, तुम्ही काय करता?"

मामा पुढे झुकला. चार महिन्यांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. जेवलास का, गोळी घेतलीस का, संडासला झालं का, एवढंच. त्यानं डोळे बारीक केले. जणू ते दार त्याला दिसत होतं.

"कुलूप लोखंडी की पितळी?"

"पितळी," फ्रेमवाला म्हणाला. हे त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं. तो खूश झाला.

"किल्लीच्या भोकाभोवती चरे पडलेत?"

"पडलेत... पुष्कळ पडलेत."

"म्हणजे रोजच्या राबत्यातलं घर. कुणाचं आहे?"

"मामा, हे विचारायचं नसतं," नियमावली मध्येच म्हणाला. "फासा टाका."

"अरे पण घर कुणाचं ते तर कळू दे."

"दहा मिनिटं दारातच उभे आहोत आपण! नवीन माणसानं आधी फासा टाकायला शिकावं. टाका."

मामानं फासा उचलला. तो बोराएवढा, मामाची बोटं जाड, आणि ती थरथरायला लागली. सगळे बघत होते.

"राहू द्या, राहू द्या, पडेल तो. मी टाकतो," असं म्हणून नियमावलीनं मामाच्या बोटांतून फासा काढून घेतला आणि टाकला. "अठरा! उघडलं. चला आत."

सगळे आत गेले. मामा म्हणाला, "मी नाही उघडलं." पण तोवर ताई पेटी शोधत होती आणि माझी पाळी आली होती. मी ऐकलं होतं. मला रागही आला होता. तो मी गिळला आणि माझी पाळी खेळले. एवढी वर्षं मोठमोठ्या कादंबऱ्यांतल्या अन्यायांवर निबंध लिहून गुण मिळवले होते, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर माझ्या मामाच्या हातातली वस्तू काढून घेतली गेली तेव्हा मी वैदूच्या झोळीत कोणती मुळी आहे ते बघत बसले. पुढचे दोन तास मामाची पाळी आली की नियमावलीच सांगायचा, "मामा बाहेर पहारा देतात." फ्रेमवालाही मान हलवून पुढे जायचा.

परतताना मी विचारलं, "कसं वाटलं?" असले प्रश्न विचारायला लाज वाटायला हवी.

"टपरीवर एकाहून एक उर्मट साहेब यायचे," मामा म्हणाला. "पण कानस हातातून कुणी काढून घेतली नव्हती."

"पुन्हा नको नेऊस," आई म्हणाली. मीही ठरवलं, नाही न्यायचं.

गुरुवारी दुपारी मामा शेंगा सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्या घराचं दार अजून उघडंच आहे का गं?"

"कुठल्या घराचं?"

"नदीकाठच्या."

"मामा, ते खरं घर नाही."

"ते कळतं मला. हात थरथरतात, डोकं नाही. मला एवढंच सांग, निघताना कुणी दार ओढून तरी घेतलं का?"

कुणीच घेतलं नव्हतं. आम्ही नकाशा घेऊन डोंगरापर्यंत पोचलो होतो आणि त्या दाराचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता.

"वाटलंच," मामा म्हणाला. "रविवारी जाऊन लावून येतो."

रविवारी तो माझ्या आधी तयार होऊन बसला. खोलीत गेल्यावर खिशातून आपल्या पात्राचा चौघडी केलेला कागद काढून त्यानं टेबलावर सपाट केला. फ्रेमवाल्यानं सुरुवात केली, "तर तुम्ही सगळे डोंगराच्या खिंडीत—"

"मी नाही," मामा म्हणाला. "मी माघारी गेलोय. दार उघडं राहिलंय."

नियमावलीनं कपाळावर हात मारला. "मामा, गट सोडून जायचं नसतं. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं तर नाहीच नाही. माझा सल्ला ऐका—"

"काय करायचं ते मामा ठरवेल, तू नाही," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला, पण निघाला. एक आठवडा उशिरा.

फ्रेमवाल्यानं आपली वही मिटली. तो मामाकडे वळला. मग म्हणाला, "ठीक. तुम्ही दाराशी पोचता. तेवढ्यात घराची मालकीण समोरून येते. खांद्यावर ओलं जाळं. दार सताड उघडं, पेटी रिकामी. ती तुमच्याकडे बघते. तुम्ही काय करता?"

मामानं घाई केली नाही. या वेळी कुणी मध्ये बोललं नाही.

"मी तिला म्हणतो, बाई, हे कुलूप माझ्या नावावर उघडलं गेलं. घर कुणाचं ते न विचारता. तुमचा नकाशा गेला, तो माझ्याकडे नाही. कुलूप मात्र आत्ता बसवून देतो, आणि ते झाल्याशिवाय इथून हलत नाही."

"अहो, आम्हांला पकडून देताय तुम्ही!" नियमावली ओरडला.

"मी कुणाचं नाव घेतलं? अजून घेतलेलं नाही," मामा म्हणाला, आणि ताईनं पदरात तोंड लपवलं.

बाईचा विश्वास बसेल का ते फाशावर होतं. मामानं फासा उचलला. हात थरथरला, कोपरापर्यंत थरथरला. फासा सुटला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि घरंगळत काचांच्या मांडणीखाली गेला.

"खाली पडलेला धरत नाहीत," नियमावली म्हणाला.

"माझ्या दुकानात धरतात," फ्रेमवाला म्हणाला.

ताई गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात बघत होती. "तीन," ती चाचरत म्हणाली.

तीन म्हणजे पार फसलं. बाईनं आरडाओरडा केला, पहारेकरी धावून आले, कुलूपवाल्याला कोठडीत टाकलं. मला मामाकडे बघवेना. तो खुर्चीत मागे रेलला होता आणि पोट हलवून हसत होता. कित्येक महिन्यांत त्याला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

"तीन तर तीन. माझा आहे!" तो म्हणाला. "आता सांगा, कोठडीचं कुलूप कसलं आहे?"

दोन रविवार तो कोठडीत बसला. कुलूप भिकार आहे हे त्यानं पहारेकऱ्याला पटवलं आणि आतून दुरुस्त करून दिलं. पळून मात्र गेला नाही. अखेर नकाशा परत केल्याशिवाय तो सुटेना, आणि त्याच्यावाचून आमचं पुढचं एक दार उघडेना, तेव्हा नियमावलीच्या मांत्रिकानं तोंड पाडून तो नकाशा बाईला नेऊन दिला. "तिला नमस्कार कर," मामा म्हणाला. त्यानं केला.

त्यानंतर सहा वर्षं मामानं एक रविवार चुकवला नाही. नवीन कुणी आलं की त्यानं मामाच्या शेजारी बसायचं, असा रिवाजच पडला. तो नियम समजावत नसे, बरेचसे त्यालाही आले नाहीत. कुणी गोंधळलं तर म्हणायचा, "टेबल काही पळून जात नाही. आधी समोर काय आहे ते विचारा." कुणी नवख्याच्या पाळीत तोंड घातलं की विचारायचा, "त्या कागदावर तुझं नाव आहे का?" एकदा एका मुलीचा फासा कुणी मदत म्हणून उचलायला गेलं, तर मामानं आपला थरथरता पंजा त्या फाशावर झाकणासारखा ठेवला आणि टेबलभर अशी नजर फिरवली की कुणी पापणी हलवली नाही. नियमावली अजूनही सल्ले देतो. पण आधी विचारतो, देऊ का.

लोक अजूनही नवख्यांसाठी सल्ल्यांच्या लांबलचक याद्या करतात. त्या वाचताना माझं डोकं आजही तापतं. त्यांत समोर बसलेल्यांसाठी एक ओळ सापडत नाही.

शेवटच्या आठवड्यात मामाला धाप लागत होती. शनिवारी दुपारी तो उशीला टेकून बसला होता. दुसऱ्या दिवशी एक बाई पहिल्यांदाच खेळायला येणार होत्या, तिकीट तपासनीस. आपण येऊ शकणार नाही याचा त्याला राग आला होता. डॉक्टरवर, आईवर, जिन्यावर. त्या रात्री झोपेतच तो गेला. त्याआधी, दुपारी मी त्याच्या खोलीतून निघाले, तेव्हा त्यानं मला दारातून मागे बोलावलं होतं.

"अगं, त्या बाईंना खिडकीकडे पाठ करून बसव. चारनंतर तिथून ऊन डोळ्यांवर येतं."