आई पावडर न लावता बाहेर पडली

दाबोळी विमानतळावर जायची टॅक्सी दारात उभी होती आणि आई पावडरीचा डबा शोधत होती. बारा वर्षं झाली त्याला. नवरा आधीच इंग्लंडला, स्विंडनला पोचला होता. त्याच्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर आमची पोर्तुगालच्या पासपोर्टची कागदपत्रं झाली होती आणि मी एक्केचाळिसाव्या वर्षी सासरचं डिचोली नि माहेरचं हळर्ण, दोन्ही सोडून निघाले होते. रडून रडून तोंडाची पार दशा झाली होती. आईने डबा तळहातावर उपडा केला, माझं तोंड, मान, गळा सगळं पांढरं केलं आणि म्हणाली, "भायर पडताना पावडर लावल्याशिवाय पडू नको गो. लोक म्हणतले, हिच्या घरात बघणारा कोण नाय." मग तो डबा तिने माझ्याच बॅगेत कोंबला.

हळर्णच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या स्विंडन, लिस्बन, मस्कत गाठलेल्या मैत्रिणींनो, हसू नका. तो डबा संपला, मग दुसरा, मग तिसरा. सकाळी सहाच्या शिफ्टला वेअरहाऊसमध्ये खोकी भरायला जातानाही मी पावडर लावून जायची. पाव विकणाऱ्या पोदेराच्या हॉर्नऐवजी अलार्म, त्याच्या गरम उंड्याऐवजी टोस्ट, अंगणाऐवजी बस स्टॉप. सगळं बदललं, पावडर तेवढी राहिली.

पन्नाशी गाठली त्या वर्षी सरकारी दवाखान्याचं पत्र आलं. स्तनांची तपासणी करायला या, मॅमोग्राम. माझं धाबंच दणाणलं. आपल्याकडे दवाखाना म्हणजे आजारी माणसाने जायची जागा. मला आजार झालाय हे यांना कोणी सांगितलं? नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "अगो, हे सगळ्यांनाच येतं. काही झालेलं नसताना बघतात."

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक मोठी व्हॅन उभी असते, तिच्यातच मशीन. आंघोळ करून, ठेवणीतला ड्रेस घालून, काखेपासून गळ्यापर्यंत पावडर थापून मी गेले. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका. मी तारीख वाचली होती, बाकीचं कोण वाचतंय! मशीनवरची बाई हसली. पावडरीचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन येतात म्हणाली, आणि ओले टिश्यू दिले. मी पुसून पुसून लाल झाले. मग दोन पट्ट्यांमध्ये दाबून फोटो काढले. दुखलं, खोटं कशाला बोलू, पण प्रत्येक फोटोला काही क्षणच.

पुसल्यावरही एक ठिपका राहिला.

पुन्हा बोलावलं तेव्हा तिथल्या नर्सने समजावलं की अशा बोलावलेल्या बहुतेक बायकांचं काही निघत नाही. माझं निघालं. मोहरीएवढं. हाताला लागत नव्हतं, दुखत नव्हतं, आणखी काही वर्षांनी हाताला लागलं असतं तेव्हा काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. छोटं ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले, आणि मी परत शिफ्टला लागले. आईला यातलं अक्षरही कळवलं नाही. परदेशात गेलेल्या माणसाला फोनवर एकच वाक्य येतं, सगळं बरं आहे. मध्ये एकदा घरी येऊन गेले, तेही कुर्त्याचा गळा वर ओढून.

पण आईची तपासणी झालीच पाहिजे, असं माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मुलीला कॅन्सर झाला म्हणजे आईनेही बघून घ्यावं. फोनवर दोन वर्षं मी मागे लागले आणि दोन वर्षं एकच उत्तर. "माका काय जाला गो? दुखणा नाय, खुपणा नाय."

म्हणून या वेळी मोपाच्या नव्या विमानतळावर उतरले ते ठरवूनच. चहा झाल्यावर आईला खोलीत नेलं, दार लावलं आणि व्रण दाखवला. "माझंही दुखत नव्हतं, आई." तिने पुढे वाकून पाहिलं. व्रणावरून बोट फिरवलं. "आणि तू एकटी?" एवढंच विचारलं. मग आम्ही दोघी पोटभर रडलो. डोळे पुसून ती म्हणाली, "खंय जावचा ता सांग."

म्हापशाला तपासणीला जायच्या दिवशी सकाळी बघते तर बाई उपाशी! रक्त तपासायला जाताना जेवत नाहीत, मग इथेही जेवायचं नसेल, असा तिचा हिशेब. मी समोर बसून दोन उंडे नि भाजी खायला लावली. मॅक्सी नको, साडी-ब्लाऊजच बरा, म्हणजे वरचं तेवढं काढता येतं. मंगळसूत्र काढायला तयार झाली, पण अंगापासून लांब ठेवायला नाही, ते मनगटाला गुंडाळलं. आणि मग आरशासमोर उभी राहून तिचा हात सवयीने फळीकडे गेला. डब्याला लागला. थांबला. डबा तिने उचलला, माझ्या पर्समध्ये टाकला आणि सत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच, आई पावडर न लावता उंबऱ्याबाहेर पडली. मला तर नाचावंसं वाटत होतं!

पंधरा-वीस मिनिटांत बाहेर आली. "ह्याकाच भियत हुतंय मी?" म्हणाली आणि दवाखान्याच्या पायरीवरच हात पुढे केला. "हाड माजो डबो."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. काही नाही. स्वच्छ! पुढच्या वर्षी परत या. ते फोटो नीट जपा, पुढच्या वेळी तुलनेला लागतात, असंही सांगितलं, तर आईने ते घराच्या दाखल्यांबरोबर कपाटात ठेवले. संध्याकाळी शेजारच्या शेवंतीकाकूला ती समजावत होती, "पाळी येवच्या आधी जाव नको गो, तेव्हा जास्त दुखता. मागसून जा." शेवंतीकाकूची पाळी जाऊन वीस वर्षं झाली. पण तिची सून दाराआडून ऐकत होती आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन नंबर मागायला आली.

काल परत निघाले. आता विमानतळ घराच्या जवळ आलाय, रडायला वेळही कमी मिळतो. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे मागे राहिलेली जागा, तिला फक्त बरं तेवढंच सांगायचं. आता आईला माझा व्रण माहीत आहे, आणि मला तिचा रिपोर्ट. टॅक्सी दारात होती. आईने डबा हातावर उपडा केला, माझं तोंड पांढरं केलं, मान, गळा, आणि काखेशी येऊन थांबली.

"तपासणी कधी तुजी?"

"पुढच्या आठवड्यात."

"त्या दिसा लाव नको," ती म्हणाली, आणि डबा बॅगेत कोंबला.