कंपाउंडर परत आला तेव्हा

आप्पा, म्हणजे माझे वडील, औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झाले त्याच वर्षी ती मालिका सुरू झाली. घाटातल्या एका खेड्यात एक डॉक्टरीणबाई येते, बंद पडलेला दवाखाना उघडते आणि तिथला म्हातारा कंपाउंडर तिला सांभाळून घेतो, एवढीच गोष्ट. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. परळीच्या त्या घरात आप्पा आणि मी दोघंच. त्यामुळे संध्याकाळी मालिका बघायला शेजारचे चाचा येऊन बसायचे तेव्हा घराला घरपण यायचं.

चाचांचं स्टेशनच्या रस्त्याला गॅरेज होतं. त्यांच्या घरात नातवंडांचं कार्टून सुरू असायचं, म्हणून ते आमच्याकडे यायचे. आप्पांनी आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये काटे बघितलेले. मालिकेतही त्यांचं लक्ष तसंच असायचं. दवाखान्याची खिडकी कोणत्या बाजूला आहे, बाईंचा भाजलेला हात डावा की उजवा, सगळं त्यांना पाठ. चाचांना त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचा जीव कंपाउंडरवर होता. तो पडद्यावर आला की ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे.

एके दिवशी तो कंपाउंडर न्यूमोनियानं गेला. त्याच्याच दवाखान्यात, बाईंच्या डोळ्यांदेखत. जाहिरात लागली तरी चाचा हलले नाहीत. मी चहा घेऊन आले तर ते रुमालात तोंड धरून रडत होते. आप्पांनी टीव्ही बंद केला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांचेही डोळे वाहत होते. आई गेली तेव्हासुद्धा मी आप्पांना रडताना पाहिलं नव्हतं. चहा तसाच निवला.

पुढं काही आठवड्यांतच मालिका अर्ध्यात बंद पडली. बाईंची बदली झालेली, त्या बॅग घेऊन फाट्यावर उभ्या, आणि संपलं. नंतरच्या हिवाळ्यात चाचाही गेले. गॅरेजात गाडीखालून बाहेर आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि तिथंच बसले ते बसलेच. आप्पांनी जनाज्याला खांदा दिला, कब्रस्तानापर्यंत पायी गेले.

मग मला मोबाईलवर कळलं की त्या मालिकेची पुढची गोष्ट कॉमिक्समधून निघतेय. मी लगेच अंक मागवायला सुरुवात केली. पहिला अंक आला त्या दिवशी आप्पांनी चष्मा पुसून पुसून वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. बाईंचा डाव्याऐवजी उजवा हात भाजलेला दाखवला होता. दवाखान्याची खिडकी रस्त्याच्या बाजूला गेली होती. बाईंच्या आईचं तर नावच बदललं होतं. आप्पा वैतागले, पण त्या वैतागात थोडी मजाही होती. खूप दिवसांनी त्यांना बोलायला काहीतरी सापडलं होतं.

तिसऱ्या अंकात कंपाउंडर होता. बाई फाट्यावरून परत येतात आणि तो दारात उभा, हातात औषधाची बाटली. आप्पांना वाटलं, जुनी आठवण दाखवली असेल. त्यांनी पानं पुढं-मागं करून पाहिली. आठवण नव्हती. कसा आला, कुठून आला, एक अक्षर नाही.

"हे कावून केलं असंल?" त्यांनी मला विचारलं, आणि फोन करायला लावला.

प्रकाशकाकडचा माणूस सौजन्यानं बोलला. वाचकांना ते पात्र फार आवडायचं, म्हणून परत घेतलं, म्हणाला. नव्या वाचकांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांना काही खटकत नाही. पाहिलेल्यांचं काय, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, इतकं कोण लक्षात ठेवतं.

मी हे आप्पांना सांगितलं.

"मंग आमी दोघं त्या दिवशी रडलो, ते काय होतं?" ते म्हणाले.

हे कुणापुढं तरी बोलावं असं त्यांना वाटलं असणार. अंक पिशवीत घालून ते चाचींकडे निघाले. चाचा गेल्यापासून ते त्या घरी क्वचितच जायचे. मीही सोबत गेले.

चाची अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. आप्पांनी अंक पुढं केला आणि म्हणाले, बघा भाभी, काय करून ठेवलंय. चाचींना वाचता येत नव्हतं. मालिकाही त्यांनी कधी पाहिली नव्हती. चाचा रोज जेवताना त्यांना ती सांगायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि चित्रावर बोट ठेवलं.

"हाच का कंपाउंडर? टोपीवाला?"

आप्पांनी मान हलवली.

"आला का परत?" चाची म्हणाल्या. "हे म्हणायचे, लेकीच्या गावाला गेलाय, येईल. मी रोज इचारायची. ते रोज तेच सांगायचे."

चाचांनी तो मेल्याचं घरी सांगितलंच नव्हतं. आमच्या खोलीत रडून, डोळे पुसून ते घरी गेले आणि जेवायला बसून त्यांनी गोष्टच बदलली. मी आप्पांकडे पाहिलं. खिडकीची बाजू बदलली म्हणून सकाळभर धुसफुसणारा माणूस. मला वाटलं, आता ते चूक दुरुस्त करतील.

"हौ भाभी," आप्पा म्हणाले. "आला परत."

चाचींनी मग सगळी चित्रं एकेक करून पाहिली. काय बोलतोय ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचत होते आणि आप्पा सुपातली ज्वारी निवडत बसले होते, खाली मान घालून.

परतताना मी विचारलं, चाचींना कधीतरी खरं सांगायचं का. आप्पा नको म्हणाले. तो घरी सांगून गेला तसंच राहू दे, एवढंच बोलले.

चाचांनी ते चाचींसाठी लपवलं, की स्वतःच्या तोंडून सांगवेना म्हणून, हे आता कळायला मार्ग नाही. अंक येतात. आप्पा ते उघडत नाहीत. मी शाळेत शिकवून परत येताना चाचींकडे जाऊन वाचून दाखवते. परवा त्यांनी विचारलं की कंपाउंडरची ती लेक कोणत्या गावाला असते. मालिकेत त्याला लेक नव्हतीच. मी चौसाळ्याला असते म्हणून सांगितलं.