चुलीमागे रोख

बांबू जळताना फुटतो. त्याच्या पेरांत हवा असते, ती तापली की फाट्दिशी आवाज होतो. हे मला माहीत नव्हतं. मे महिन्यातली भर दुपार होती, मी एका वकीलसाहेबांकडे नोकरीला होतो, त्यांचं काम घेऊन मरोळला सायकलवरून चाललो होतो, आणि साकीनाक्याच्या बाजूनं फाट् फाट् फाट् असे आवाज यायला लागले. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे, फटाके लावतायत. मनात म्हटलं, वा, झकास वाजतायत!

पाखाडी जळत होती.

पन्नास सालानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा तिकडे सगळी भातशेती. पाखाडी म्हणजे गावाची एक लहान वस्ती. घरं बांबूच्या कुडाची, वर पेंढा. माणसं ख्रिस्ती, पण बोलणं आपलं मराठीच. आग लागली तेव्हा पुरुष शेतात राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा घालून जमीन भाजायला गेलेले, आणि वारा उलटा, वस्तीकडं. घरं गेली, बैल गेले, काही माणसंही गेली.

पुढं मदत कमिटी झाली, आणि मी त्या कमिटीचा शिपाई. मी चौथीपर्यंत शिकलेला, बोलायला सावकाश. पण शिपायासमोर माणसं मोकळी बोलतात, म्हणून माझ्याजवळ किस्से साठत गेले. लोक म्हणतात, अण्णा, सांगा ना. सांगायला बसलो की हसूनच सुरुवात होते. शेवटाला काय होतं ते माझं मलाच कळत नाही.

•

कमिटीत मुख्य माणसं दोन. आमचे वकीलसाहेब आणि अंधेरीचे एक डॉक्टर. डॉक्टर तोंडानं कडक, पण भाजलेल्या माणसांना पट्ट्या बांधायला ते रोज जायचे, एक पैसा घेत नव्हते.

आधी ठरलं, वस्तू गोळा करायच्या. अंधेरी, पार्ले, घाटकोपर, सगळीकडून गाठोडी आली. उघडली तर काय, गरम कोट, टाय, एक टेनिसची रॅकेट! मे महिन्यात, छप्पर नसलेल्या माणसाला कोट!

पास्कोल म्हणून एक म्हातारा होता. बायको आगीत गेलेली. त्यानं एक कोट घेतला, अंगात चढवला, आणि उघड्या पायांनी उन्हात उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, "कसा आहे कोट?"

"चांगला हाय साहेब. खिसे लय हायेत. आता खिशात घालाला कायतरी द्या!"

वकीलसाहेब त्या दिवशी डॉक्टरांबरोबर टांग्यातून परत आले. घरी पोचल्यावर म्हणाले, "रोख द्यायची. हातात. ज्याचं त्याला कळतं काय हवं ते."

डॉक्टर उसळले. "रोख? दारूबंदी कागदावर आहे हो! सगळे हातभट्टीत घालतील!"

"मग काय, कोट पिता येत नाही म्हणून कोट वाटायचे?"

रोख ठरली.

•

आता रोख द्यायची कुणाला? घरं तर उरलीच नव्हती. माणशी द्यावी तर पाहुणेसुद्धा उभे राहतील, अशी डॉक्टरांना भीती. शेवटी वकीलसाहेबांनी तोड काढली: चुलीमागे एक पाकीट. जितक्या चुली तितकी कुटुंबं. अर्धी रक्कम आत्ता, अर्धी पावसाच्या तोंडाशी, पुन्हा पाहणी करून.

शनिवारी मी पाखाडीत जाऊन हे सांगितलं. सोमवारी सकाळी आम्ही पाकिटं घेऊन गेलो आणि बघतो तर जिकडे तिकडे धूर! आंब्याखाली चूल, बांधावर चूल, विहिरीच्या काठाला चूल. बाप-लेकांच्या वेगळ्या, भावाभावांच्या वेगळ्या. एका सासूनं तर सुनेपासून हातभर अंतरावर पाठ फिरवून चूल मांडली होती!

डॉक्टर म्हणाले, "परवापर्यंत एवढ्या चुली नव्हत्या!"

वकीलसाहेब म्हणाले, "डॉक्टर, जळालेल्या गावात चुली पेटल्यात, एवढंच बघा."

डॉक्टरांनी एका भांड्यावरचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

"हे काय शिजवता?"

ती बाई म्हणाली, "तुमची वाट बघतंय साहेब. पाकीट द्या, तांदूळ घालते!"

•

फिलूबाय म्हणून एक विधवा म्हातारी होती. दोन मुलगे, थोरला इनास आणि धाकटा जुझे. दोघांची लग्नं झालेली, तरी सगळं घर एकत्र जेवायचं. त्यांची चूल तीन काळ्या दगडांची, फिलूबायच्या सासऱ्यानं पवईच्या बाजूनं आणलेले दगड. आगीत घर गेलं, कोठार गेलं, दगड तेवढे राहिले.

त्या सोमवारी इनासनं एक दगड उचलला, जोडीला दोन विटा लावल्या, झाली त्याची चूल. जुझेनं दुसरा उचलला. तिसऱ्यापुढं म्हातारी बसली. एका घराची तीन पाकिटं झाली!

वकीलसाहेबांना कळलं नसेल असं नाही. त्यांनी तिघांना पाकिटं दिली आणि नजर दुसरीकडं वळवली.

फिलूबाय माझ्यादेखत मुलांना म्हणाली, "दुसरा पैसा हातात आला का दगड परत आणून ठेवा रे. माझा हितंच हाय. मना एक चूल पायजे."

"होय गे आये, पैशापुरतंच हाय ना ते," इनास म्हणाला.

म्हातारी जाताना मला म्हणाली, "येते हं बाबा." ती विहिरीवर निघाली तरी "येते" म्हणायची. जाते हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

•

पास्कोलनं पहिल्या पाकिटातून काय घेतलं असेल? फळ्या. चांगल्या जाड सागवानी फळ्या.

डॉक्टर खूश. "शाब्बास! दार करणार?"

"नाय साहेब. पेटी. माझी. आधीची माळ्यावर तयार होती, ती जळली ना."

पेटी म्हणजे शवपेटी! डॉक्टर तडकले. "अरे, मदत जगायला दिली का मरायला?"

म्हातारा म्हणाला, "तुमीच तर सांगून गेलात, पुढची तजवीज करा. माझ्या पुढं दुसरं काय हाय साहेब?"

वकीलसाहेब खोकला आल्यासारखं करून बाजूला गेले.

पण पास्कोल तसा हिशेबी. पेटी लागेपर्यंत फळ्या कशाला पडून राहू द्यायच्या? त्या जोडून त्यानं घराला दार केलं. पाखाडीतलं सगळ्यांत भारी दार! दोन वर्षांनी तो गेला तेव्हा सुतारानं ते दार काढलं. त्याच्या मागं घरात कुणी नव्हतं. घर तसंच उघडं राहिलं.

•

डॉक्टरांचं एका बाबतीत खरं झालं. एक जण प्यायला. साबू त्याचं नाव. पाकीट मिळाल्यापासून तो शुद्धीत दिसलाच नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा! सांगत नव्हतो? आता मीच जाऊन चांगली खरडपट्टी काढतो."

ते तावातावानं गेले, मी मागं. साबू शेताच्या कडेला बसला होता. समोर लहान मुलीचा एक नवा कोरा फ्रॉक, घडी न मोडलेला. पाकिटातून त्यानं आधी तो घेतला होता. मुलगी आगीत गेलेली. बाजारात गेल्यावर, म्हणाला, ते ध्यानातच राहिलं नाही. सवयीनं मागितला, दुकानदारानं बांधून दिला.

डॉक्टर त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिले. परतल्यावर वकीलसाहेबांनी विचारलं, "काय, काढली खरडपट्टी?"

"सायकलला हवा भरून दे रे," डॉक्टर मला म्हणाले.

त्यानंतर कमिटीत हातभट्टीचं नाव त्यांनी काढलं नाही.

•

बाकी लोकांनी काय केलं म्हणाल तर मी थक्क झालो. घराच्या आधी बियाणं! इनासची बायको मोतीन आंब्याखाली झोपायची आणि उशाला भाताच्या बियाण्याचं पोतं. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, आधी डोक्यावर छप्पर घ्या."

"छपराखाली बसून काय खाऊ साहेब? पेरणी चुकली का वरीस गेलं. छप्पर काय, जरा भिजून ऱ्हाता येतं."

जुझेनं बैलाची एक जोडी घेतली, आणि ज्यांचे बैल गेले होते त्यांची शेतं नांगरून दिली, भाड्यानं. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी जाळं घेतलं. एका बाईनं शिलाईचं मशीन घेतलं आणि कमिटीकडून आलेले ते गरम कोट उसवून त्यांच्या पिशव्या शिवून अंधेरीच्या बाजारात विकल्या. डॉक्टरांच्या बायकोनं त्यातली एक विकत आणली. डॉक्टरांनी ओळखला कोट! त्यांचाच होता!

दुसरा हप्ता पावसाच्या तोंडाशी गेला, तेव्हा भिंती उभ्या होत्या. ते पैसे कौलांना लागले. फिलूबायनं स्वतःचं पाकीट फोडून अर्धी कौलं इनासच्या घरावर घातली आणि अर्धी जुझेच्या. स्वतःला तिनं घर बांधलं नाही. म्हणाली, "मना कशाला? दोघांत माझं एक."

पण त्या मधल्या दिवसांत एक होऊन बसलं होतं. पाहणीला कमिटी कधीही येईल, म्हणून भावांना वेगळं जेवावं लागायचं. आधी ते नाटक होतं. कमिटी गेली की इकडची भाजी तिकडं जायची. मग मोतीनचं बियाणं तिचं ठरलं, जुझेच्या बैलांचं भाडं त्याचं ठरलं. एक दिवस भाजी गेली नाही. मग दोन घरांच्या मधे कूड आला.

दुसरा हप्ता घेऊन गेलो तेव्हा फिलूबायनं मुलांना विचारलं, "आता दगड आणता ना?"

जुझे म्हणाला, "आये, आत्ताच चूल लिंपलीय. दगड मातीत पक्का बसलाय, आता कसा काढू?"

"पाऊस सरला का बघू," इनास म्हणाला.

•

पाऊस सरला. पीक चांगलं आलं. कापणी झाल्यावर कमिटीचा शेवटचा फेरा ठेवला, काम संपलं म्हणून एक लहानसा समारंभ. मी घडीचं टेबल नेलं होतं. त्यावर डॉक्टरांच्या बायकोनं दिलेली पांढरी चादर. लोकांनी झेंडूचे हार आणले. नव्या भाताचे पोहे आणले. सगळ्या पाखाडीत कौलं, दारांना रंग. वकीलसाहेबांचे डोळे भरून आले होते.

ते म्हणाले, "डॉक्टर, बघा. आपण नुसती रोख दिली. उभं यांनी केलं."

"मान्य," डॉक्टर म्हणाले. "आता मला छळू नका."

सगळे हसले. फिलूबाय मागं आंब्याला टेकून उभी होती. वकीलसाहेबांनी तिला पुढं बोलावलं. खूप प्रेमानं विचारलं, "फिलूबाय, सगळ्यांच्या चुली बघितल्या. तुमची दिसली नाही. तुम्ही जेवता कुठं?"

इनास म्हणाला, "आये धाकट्याकडं असते साहेब."

नेमकं त्याच वेळी जुझे म्हणाला, "थोरल्याकडं असते."

डॉक्टरांना वाटलं थट्टा आहे. ते हसायला लागले. बाकी कुणी हसलं नाही, तसे तेही थांबले.

म्हातारी आंब्यामागं गेली. परत आली तेव्हा पदरात काहीतरी जड होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर, हारांच्या मधे ठेवलं. काळा दगड. पांढऱ्या चादरीला काजळी लागली. तिनं पदरानं ती पुसायचा प्रयत्न केला, ती जास्तच पसरली.

मी म्हटलं, "राहू दे मावशी, मी धुवून घेतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. हात पदराला पुसले. मग बांधावरून मरोळच्या बाजूला चालू लागली. या वेळी "येते" म्हणाली नाही.