होकाराची मान

युरोपातल्या संस्थांसोबत संशोधनासाठी अर्ज करणाऱ्यांना आमच्या विद्यापीठाचा मदत कक्ष वाट दाखवतो. काल माझी जुनी विद्यार्थिनी मेघना मलाही तिथे घेऊन गेली. व्हिडिओ कॉलवर मेघनासोबत अर्ज करणाऱ्या पोर्तुगीज संशोधक बाईंनी विचारलं, "खाडीच्या पाण्याचे नमुने बाराही महिने मिळतील ना?" मेघनाची मान सवयीने डोलू लागली. कक्षातल्या कुलकर्णीबाईंनी पटकन माईक बंद केला.

"अगं, जुलैत खाडीत होडी कोण घालणार, तुझे मामा? नाही म्हणून सांग."

मेघनाने चाचरत सांगितलं. पलीकडच्या बाई हसल्या. "बरं झालं आत्ताच कळलं. पावसाळा सोडून आखू."

समोरच्याला नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. मीही एकदा एका परदेशी संस्थेला असाच हो म्हणालो होतो. नमुने गेलेच नाहीत आणि सगळ्यांचं काम बुडालं. दोष मात्र मी आजवर त्या परक्या मंडळींनाच देत आलो. काल कॉल संपल्यावर मेघना आणि कुलकर्णीबाईंना हे सगळं सांगून म्हणालो, "चूक माझीच होती."

"मग त्यांना कळवा की, सर," म्हणत कुलकर्णीबाईंनी संगणकासमोरची खुर्ची माझ्याकडे वळवली. इतक्या हलक्या मनाने मी कित्येक वर्षांत कुठे बसलो नव्हतो.