जांभळ्या शेपटीचा उंदीर

एका होडीत चार वेगवेगळ्या धंद्यांची माणसं बसवा. किस्से शोधायला दुसरीकडे जावं लागत नाही. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत एखादा तयार होतोच! आमचं पक्षी पाहणाऱ्यांचं टोळकं असंच. एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर गोविंदकाका, हिंगोलीत पत्र्याचं काम करणारे शकीलभाई, आरोग्य केंद्रातल्या नर्स सुनंदाताई आणि मी. होडी मारोतीमामांची. कळमनुरी तालुक्यातल्या धरणात त्यांची मासेमारी, आणि पाण्यातलं एक बेट हे त्यांचं जाळी वाळवायचं ठिकाण.

त्याच बेटावर उन्हाळ्यात नदी सुरय अंडी घालतात. पिवळी चोच, काळी टोपी, मोठा रुबाबदार पक्षी; पण घरटं म्हणजे वाळूतली वाटीएवढी खळी! चहूकडे पाणी, त्यामुळे कोल्ह्याकुत्र्यांची भीती नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र एकही पिल्लू उडालं नाही. सगळी अंडी फुटली. यंदा जोड्याच कमी आल्या. पुन्हा तसंच झालं, तर सुरय हे बेट कायमचं सोडतील, ही आम्हा सगळ्यांची धास्ती.

*

अंडी खातं कोण? काका म्हणाले कावळा, शकीलभाई म्हणाले घार. सुनंदाताई वादात पडल्या नाहीत. घरट्यांपासून जरा अंतर सोडून त्यांनी वाळूवर गव्हाचं पीठ पसरलं. "जो येईल तो पाय उमटवून जाईल."

सकाळी पाहिलं तर ठसे नव्हते. पीठच नव्हतं!

"अंड्यासंगं चपाती लागते त्याला," शकीलभाई म्हणाले.

मग ताईंनी घरून रांगोळी आणली. ती कोण खाणार? दुसऱ्या सकाळी तिच्यावर बारीक पावलं आणि मधोमध शेपटीची रेघ. घरात असतो तो साधा उंदीर! कावळा दिसला की सुरय ओरडून सारं बेट उठवते. पण अंधारात वाळूवरून येणाऱ्याशी तिची ओळखच नव्हती. या बेटावर उंदीर कधी नव्हताच.

*

मग तो आला कसा?

"पवून आला असंल," मामा म्हणाले.

"एवढं पाणी? त्याला काय मेडल पायजे होतं?" काका म्हणाले.

वाद रंगात आलेला असताना मामा होडीतून आपलं बेटावरच्या मुक्कामाचं सामान उतरवत होते. जाळी झाली, तवा झाला. ज्वारीच्या पिठाचं पोतं खाली ठेवलं, तसा त्यातून एक उंदीर निघाला आणि काकांच्या चपलेवरून झुडपात पळाला.

काका ताठ उभे राहिले. सारी नोकरी त्यांच्या चेहऱ्यावर आली. "विनातिकीट! आन् माह्या देखत!"

*

गावातून सल्ला आला, मांजर सोडा. काकांना तो इतका पटला की ते पिशवीत बोका घेऊनच होडीत चढले. ताई भडकल्या.

"काका, उंदीर अंडी खातो, अन् बोक्याला काय उपास हाय? पिल्लंही न्हाई ठेवायचा! उद्या बोक्यासाठी कुत्रं आणताल, कुत्र्यासाठी बिबट्या. बिबट्याला होडीतून कोण आणणार?"

"मी न्हाई," मामा म्हणाले.

तेवढ्यात बोका पिशवीतून निघाला, मामांच्या टोपलीतला ताजा मासा त्यानं खाल्ला आणि होडीतच झोपला. बेटावर त्यानं पायसुद्धा ठेवला नाही. मामांनी काकांकडे पाहिलं. "पक्षी वाचले. माझं जेवण गेलं!"

*

पिंजरे शकीलभाईंनी बनवले. आम्ही बजावून सांगितलं होतं, मजबूत पाहिजेत. पहिलाच उंदीर अडकला आणि दार कोणालाच उघडेना.

"शकीलभाई, हे उघडायचं कसं?"

"तुमी पकडायचं बोलला होता. उघडायचं बोलणं कुठं झालं?"

*

विष घालायला ताईंचा सक्त विरोध. विषानं मेलेला उंदीर घार खाते, घुबड खातं, आणि तीही मरतात. हातानं मारायला कोणी धजेना. म्हणून धरलेले उंदीर किनाऱ्यावर सोडायचं ठरलं. त्यातल्या एकाची शेपटी दारात चेपली होती. ताईंना राहवलं नाही. त्यांनी तिला जखमेचं जांभळं औषध लावलं. किनाऱ्यावर मामांची झोपडी आहे, तिच्यामागं आम्ही त्याला सोडलं आणि मोठ्या समाधानानं चहा प्यायलो.

थोड्याच दिवसांत बेटावरच्या पिंजऱ्यात एक उंदीर बसलेला. शेपटी जांभळी!

सगळे पिंजऱ्यावर वाकून पाहू लागले. शेवटी शकीलभाई म्हणाले, "ताई, ड्रेसिंग बदलायला आला जी."

मामांनी कपाळावर हात मारला. "पीठ माझ्या झोपडीतूनच तर भरून राहिलो मी! इकडून तुमी सोडता, तिकडून मी आणतो!"

त्याच आठवड्यात शकीलभाईंनी पिठाला घट्ट झाकणाचे डबे करून दिले, उघडणारे! होडीतलं सामान झटकून घ्यायचा नियम झाला. धरलेल्या उंदरांचं पुढं काय करायचं ते मामांनी आपल्याकडे घेतलं. आम्ही विचारलं नाही. हळूहळू सकाळची रांगोळी कोरी राहू लागली.

*

पिल्लं निघायच्या सुमारास आम्ही बेटावर गेलो. पहिली खळी रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीही.

ताईंनी दुर्बीण खाली केली. शकीलभाई उगाच एका पिंजऱ्याचं दार चाचपत राहिले. ऊन मी म्हणत होतं. काका वाळूच्या मधोमध डोक्याला हात लावून उभे, आणि वरून सुरय ओरडत त्यांच्यावर झेपावत होत्या.

"काका, हलू नका!" मामा एकदम ओरडले.

"काहून? साप हाय का?"

"तुमच्या सावलीत बघा."

काकांच्या सावलीत, वाळूच्याच रंगाचं, एक पिल्लू दबून बसलं होतं. मग ताईंना दगडाआड दुसरं दिसलं. मला झुडपाखाली दोन दिसली. अंड्यातून निघाल्यावर पिल्लं खळीत थांबलीच नव्हती. नजर बसली तशी जिथं तिथं वाळू हलायला लागली! शकीलभाईंनी आकाशाकडे हात उचलले आणि तसेच हसत राहिले.

पाय जपत आम्ही होडीकडे परतलो.

"मी येऊ का?" काकांनी तिथूनच विचारलं.

"तुमी आले तं ते उन्हात पडंल. उभे राहा!" मामा म्हणाले.

काका उभे राहिले. एक सुरय चोचीत मासा धरून आली, काकांच्या टोपीला एक टोला हाणून खाली उतरली, त्यांच्या पायाशी पिल्लाला भरवून उडून गेली. काकांची पापणी हलली नाही.

"काका, आमी जेवून येतो बरं का!" शकीलभाईंनी होडीतून हाक दिली.

"या, या," काका मान न वळवता म्हणाले. "येताना छत्री आणा. माह्यासाठी न्हाई! सावली सरकून राहिली, आन् हे लेकरू माह्या पायावर चढून बसलं!"