एसटीने आणलेल्या आठ लिंका

"भिंत कोनी शे?"

कुठलीही वेबसाइट दाखवली की नानांचा पहिला प्रश्न हाच. भिंत कोणाची आहे? चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनच्या इतके जवळ जायचे की काचेवर वाफ धरायची. मी सांगायचे, नाना, ही भिंत नाही, वेबपेज आहे. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं. पन कोनं शे?"

याला कारण होतं. तीस वर्षं त्यांनी धुळे-जळगाव रस्त्यावरच्या भिंती रंगवल्या होत्या. बियाणं, सिमेंट, बनियन, दंतमंजन. तुमच्यापैकी ज्यांनी त्या रस्त्याने प्रवास केला असेल त्यांनी नानांचं अक्षर वाचलेलं आहे, फक्त कोणाचं ते माहीत नाही. त्यांची पद्धत ठरलेली. भिंत हेरायची, मालकाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि भिंत मागायची. मग फ्लेक्स आले. "फ्लेक्सनी माले घर बसाडी दिधं," ते सांगायचे. "आते परत घर बसनं नही."

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते जळगावातल्या आमच्या डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसात आले. आमच्या सरांच्या वडिलांच्या दुकानाची पाटी त्यांनीच रंगवलेली होती, त्यामुळे सरांना नाही म्हणता येईना. त्यांनी एक अट घातली. जामनेरकडची एक नर्सरी आमची गिऱ्हाईक होती, केळीची टिश्यू कल्चर रोपं विकणारी. मोबाइलवर कोणी केळीची रोपं शोधली की तिचं नाव पहिल्या पानावर दिसलं पाहिजे, तेही कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना होणारी केळीची, लागण सुरू व्हायच्या आत. दिसलं तर नाना कायम, नाही तर नमस्कार. या कामाला एसईओ म्हणतात आणि ते त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

ते मला मॅडम म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. "मॅडम, तू सांग." अहिराणीत यात काही वावगं नाही. मला सवय व्हायला आठवडा लागला.

पहिला धडा कीवर्डचा. लोक काय टाइप करतात ते आधी शोधायचं आणि तेच शब्द पानावर वापरायचे. त्यासाठी आमच्याकडे टूल असतं, असं मी सांगत होते तोवर नाना उठून गेले. दुपारी दोनला परत आले. बसस्थानकावर रावेर आणि चोपड्याच्या गाड्यांसाठी थांबलेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, तुम्ही मोबाइलला काय विचारता?

"कोनी टाइप करत नही, मॅडम. बठ्ठा बोलतस."

सगळे मोबाइलशी बोलतात, म्हणून त्यांनी बोललेली वाक्यंच वहीत उतरवून आणली होती, ती मी वाचली. केळीचं रोप चांगलं कुठे भेटतं. रोप किती दिवसांचं घ्यावं. थंडीत केळीचा घड का अडकतो. चौथं वाक्य होतं, सून माहेराहून कधी येईल. हे केळीबद्दल नाही, असं मी निदर्शनास आणून दिलं. नाना म्हणाले, त्या माणसानं हेच सांगितलं, आपण बदलायचं नाही.

सुनेचं सोडून बाकीची वाक्यं आम्ही पानावर घेतली. महिन्याभरात नर्सरीचं नाव सातव्या पानावरून तिसऱ्यावर आलं. कल्पना आम्हा दोघांची होती, असं मी सरांना सांगितलं.

पानाचं शीर्षक छोटं का ठेवायचं, हे मला शिकवावंच लागलं नाही. चालत्या गाडीतल्या माणसाला किती शब्द वाचता येतात, यावर त्यांनीच मला अर्धा तास ऐकवलं.

अडचण आली ती लिंकांच्या धड्याला. दुसऱ्या चांगल्या वेबसाइटने आपल्या पानावर तुमचं नाव दिलं, त्याला लिंक जोडली, की सर्च इंजिनला तुमच्याबद्दल भरवसा वाटतो. त्यासाठी आम्ही त्या लोकांना मेल पाठवतो. पन्नास पाठवले तर दोघं उत्तर देतात.

"आनि बाकीना?" नानांनी विचारलं.

"बाकीचे उघडतही नाहीत."

"मंग त्यासना घर जाऊत."

मी हसले. नाना हसले नाहीत. शेतीवर लिहिणाऱ्या नऊ वेबसाइटच्या मालकांची यादी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशीपासून सकाळच्या एसटीने जायला लागले. शिरपूरला एक प्राध्यापक कापसावर लिहायचे. भडगावला एक निवृत्त कृषी अधिकारी केळीच्या रोगांवर लिहायचे. नाना त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला आणि लिंक मागितली. नवांपैकी आठ जणांनी दिली. नववे बाहेरगावी गेले होते. आमच्या धंद्यात असा आकडा कोणी ऐकलेला नाही. मी तो कुठे सांगतही नाही, लोकांना खोटं वाटतं.

भडगावच्या त्या अधिकाऱ्यांना सगळे आबा म्हणायचे; त्यांचे सगळे लेख नानांनी जाण्याआधी छापून घेतले होते. वाचून दोन शंका काढल्या होत्या. आबा सहा वर्षांपासून लिहीत होते आणि त्यांचा वाचक पहिल्यांदाच त्यांच्या ओट्यावर येऊन बसला होता. त्यांनी शंकांची उत्तरं दिली, लिंक दिली, जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं आणि दर महिन्याला येत जा असं बजावलं. हे सांगताना नाना खूश होते. मीही खूश होते, पण मला ते दाखवायचं नव्हतं.

लागण सुरू व्हायला आठ दिवस असताना नर्सरी पहिल्या पानावर आली, चौथ्या नंबरला. सरांनी जिलेबी मागवली. नाना कितीतरी वेळ स्क्रीनसमोरून हलले नाहीत.

पुढच्या सोमवारी नर्सरीवाल्यांचा फोन आला. आता नाव आलंच आहे, तर दर महिन्याला तुमचं काम कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सरळमार्गी गृहस्थ होते. भिंत एकदा रंगली की पेंटरला रोज कोण बोलावतं? त्यांनी काम बंद केलं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "नानांची गरज आहे का आपल्याला?"

मी म्हणाले, "लिंकांचं काम टूलनेही होतं, सर."

ते खोटं नव्हतं म्हणून म्हणाले. पण तेवढंच सांगून मी थांबायला नको होतं. नानांनी सरांची अट पुरी केली होती, आठ लिंका कशा आल्या ते मला माहीत होतं, आणि परत घरी बसायचं नाही हे त्यांचं वाक्यही मी किमान वीस वेळा ऐकलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

सरांनी सांगितल्यावर नानांनी वाद घातला नाही. टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली. "मॅडम, तू चांगलं शिकाडं," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

चार महिन्यांनी ठिबकचे फिल्टर बनवणारं नवं गिऱ्हाईक आलं. मी टूलमधून त्याच आठ जणांना मेल पाठवले. सातांनी उत्तर दिलं नाही. भडगावच्या आबांनी दोन शब्द पाठवले, "या की."

मग मी एसटीने गेले. आबा ओट्यावरच होते. मी ऑफिसचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी आत चहा सांगितला.

"तुमचे नाना परवाच येऊन गेले," ते म्हणाले. "एकही महिना चुकवत नाहीत हो. नर्सरीची लिंक जागेवर आहे का ते बघतात, वहीत खूण करतात, माझा नवा लेख वाचतात. यावेळी जेवायला थांबले नाहीत. शिरपूरची तपासणी राहिलीय, ऑफिसला रिपोर्ट द्यायचाय, म्हणाले."

नर्सरी आमच्याकडे नव्हती. नानाही आमच्याकडे नव्हते. रिपोर्ट कोणी मागितलेला नव्हता. हातातल्या कपाचं काय करावं ते मला कळेना.

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडमनं पाठवलंय, असं म्हणतात ते नेहमी. त्या मॅडम तुम्हीच का?"

"हो," मी म्हणाले. "मीच पाठवते त्यांना."