कुसुमची सहा मिनिटं

या गं, अशा जवळ सरकून बसा. लांबून माना डोलवायच्या आणि मनात तिसराच विचार करायचा, ही तुमची खोड मला ठाऊक आहे. बेंगळूरला जाऊन आले त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून विचारताय, चंदनाचा साबण कुठला आणला, पातळ कुठल्या दुकानातलं. मी तिथे कशाला गेले होते, ते एकीनेही विचारलं नाही. आता विचारलं नाहीत तरी सांगते.

कुसुम माझ्या भावाची मुलगी. पुण्याला संख्याशास्त्र शिकत होती. त्यातच ऑपरेशन्स रिसर्च नावाचा नवा विषय. तिने मला समजावलं ते असं : माणसं किती, भांडी किती, वेळ किती, हे मोजायचं आणि काम कसं लावलं तर कोणाचा खोळंबा होणार नाही ते गणिताने काढायचं. या विषयाची विद्यार्थ्यांची स्पर्धा बेंगळूरच्या एका मोठ्या विद्यासंस्थेत होती. पहिल्या येणाऱ्याला तिथेच पुढे शिकायची जागा. भाऊ म्हणाला, "जागा मिळाली तर शीक. नाहीतर वैशाखात लग्न." मुलगा बघून ठेवलेला होता, इंदूरचा.

कुसुमने विषय कोणता घ्यावा? माझी सांगलीची खाणावळ. ओसरीवर माणसं ताटकळतात, ती कशी कमी ताटकळतील. आठ दिवस ती स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसली, हातात कळ दाबली की थांबणारं घड्याळ आणि वही. एक पंगत उठली की दुसरी बसेपर्यंत किती मिनिटं, ते टिपायची. आता सांगा, माहेरची मुलगी हातात घड्याळ घेऊन दारात बसली, तर कोणती बाई हात ढिला सोडेल? मला वाटलं, परीक्षा माझ्या खाणावळीची आहे. शेजारच्या गंगूला लाटायला बोलावलं. रोजच्या जेवणाऱ्यांना दटावलं, "आठ दिवस ताकभात दुसऱ्यांदा मागायचा नाही, पोरीची परीक्षा आहे." तीही शहाणी माणसं, भराभर जेवून उठली. सहा मिनिटांत दुसरी पंगत बसायची. एरवी किती लागतात, ते तुमच्यातल्या ज्या माझ्याकडे जेवल्या आहेत त्यांना माहीत आहे.

मुलीबरोबर कोणीतरी बाईमाणूस हवं म्हणून मी निघाले. मिरजेला गाडीत बसलो. कुसुमच्या मांडीवर तक्त्यांची गुंडाळी, माझ्या मांडीवर दशम्यांचा डबा. बेळगाव मागे पडलं आणि लोंढ्याच्या पुढे जंगल सुरू झालं. इतकं हिरवं की डब्यातसुद्धा हिरवा उजेड. हुबळीला मिरचीभजी घेतली. गाडीने हिसका दिला आणि माझ्या तिळाच्या चटणीचं तेल गुंडाळीवर सांडलं. मी पदराने पुसत बसले.

"राहू दे गं आत्या," कुसुम हसून म्हणाली, "खाणावळीचा तक्ता आहे, तेलाचा डाग शोभेल."

मग तिने तो तक्ता उलगडून मला दाखवला. मी शाळेत गेलेली नाही, पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. आकडे मात्र मला कळतात. जागोजागी सहा होता.

"हे काय?"

"तुझी सहा मिनिटं. माझं सगळं त्यांच्यावर उभं आहे. किती पाट मांडायचे, किती बायका लाटायला हव्यात, सगळं यातून निघालंय. ही चुकली तर पुढचं गणित बरोबर असूनही फुकट."

मी दशम्यांचा डबा बंद केला. तेव्हाच सांगायला हवं होतं. खिडकीबाहेर बघत मी म्हणाले, "केवढं जंगल आहे नाही?"

सकाळी बेंगळूरला उतरलो. गारवा असा की मी शाल घट्ट ओढली. स्टेशनबाहेर जटका (आपला टांगाच, फक्त वरून गोल झाकलेला) केला आणि जयनगरला गेलो. तिथे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, नवी घरं, प्रत्येक अंगणात कनकांबराची (आपल्या अबोलीची) झुडपं. यशोदाक्का माझ्या जावेच्या नात्यातली. तिच्या सासरचे आजे-पणजे इथे येऊन कापडाच्या धंद्यात रुजलेले. बोलतात मराठीच, पण कानडीच्या फोडणीची.

"या की आत. बिसी नीरु (गरम पाणी) काढलंय, अंघोळ करा. मग कॉफी."

"मी चहाच घेते हो."

"चहा सांगलीत घ्या. इथं स्वल्प (थोडी) कॉफी घ्याच."

घेतली. कडू होती, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. जेवायला हुळी (आपली आमटी, पण चिंच आणि खोबरं सढळ हाताने) आणि भात. कुसुम आत तक्ता पाठ करत होती, तेव्हा मी यशोदाक्काला सगळं सांगून टाकलं. ती खोबरं किसायची थांबली.

"मग तिला सांगा की. पोरगी आहे, खाणार हाय काय तुम्हाला?"

"उद्या सकाळी सांगते."

"सरी (बरं)," ती म्हणाली, आणि पुन्हा किसायला लागली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

सकाळी कुसुमने देवाला नमस्कार केला आणि मग मलाही. अशा वेळी कोणाचं तोंड उघडतं? माझं नाही उघडलं.

ती संस्था म्हणजे दगडी इमारत आणि भोवती छत्रीसारखी पसरलेली झाडं. सभागृहात मुलंच मुलं, मुली दोन. मी शेवटच्या बाकावर बसले. मद्रासच्या एका मुलाने बसडेपोचं गणित मांडलं. मग कुसुम उभी राहिली. इंग्रजी मला कळत नाही, पण तिचा खडू एकदाही अडखळला नाही. तेलाचा डाग लांबूनही दिसत होता.

परीक्षकांमध्ये एक पांढऱ्या केसांचे कानडी गृहस्थ होते. त्यांनी तिला काही विचारलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. ते मागे वळले आणि चक्क मराठीत बोलले.

"अम्मा, खाणावळ तुमची काय? मी पुण्यात चार वर्षं खाणावळीत जेवलो. सहा मिनिटात दुसरी पंगत मला एक दिवस पण नाही मिळाली. तुमच्याकडे रोज मिळते?"

आवाजात कुचेष्टा नव्हती. ते वाट बघत होते. सगळं सभागृह मागे वळलं. कुसुमही बघत होती, अगदी निर्धास्त.

मी म्हणाले, "हो. रोज."

ते कुसुमकडे वळून मराठीतच म्हणाले, "बघ मुली. कोणी बघत असलं की माणसं वेगळी वागतात. तुझी मिनिटं फार शहाणी आहेत. काही शंका असेल तर आत्ता सांग. शंका सांगितली तर मार्क कमी होत नाहीत, वाढतात."

कुसुम ताठ उभी राहिली. "शंका नाही, सर. माझी आत्या खोटं बोलत नाही."

पहिला नंबर मद्रासच्या मुलाचा आला. परतताना यशोदाक्काने डब्यात चित्रान्न (लिंबूभात) भरून दिलं. कुसुमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. गाडीत कुसुमने माझी समजूत घातली. "तू नको वाईट वाटून घेऊस. त्यांना पुण्याच्या खाणावळी माहीत, तुझी कुठे माहीत आहे?" मिरजेपर्यंत जंगल, डोंगर, नद्या सगळं पुन्हा येऊन गेलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

चार दिवसांनी भर दुपारी मी वाढत होते. गंगू नव्हती. पहिली पंगत उठली, जेवणाऱ्यांनी ताकभात दोनदा मागून घेतला होता, पाटाखालचं शेण-पाणी व्हायचं होतं, तव्यावर एकच पोळी. वर पाहिलं तर ओसरीवर ताटकळणाऱ्यांच्यात कुसुम उभी. न सांगता आलेली. हातात घड्याळ नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं आणि उभी राहिली. दुसरी पंगत बसली तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. मीही मोजली.

ती आत आली, पदर खोचला, ताकाची कासंडी उचलली. "मी वाढते, आत्या." एवढंच. दोन्ही पंगती वाढल्या आणि गेली. वैशाखात लग्न झालं.

इंदूरहून पत्रं येतात. मुलाला दात आले, उन्हाळा फार आहे. त्या दुपारबद्दल एक ओळ नाही. माझ्याही पत्रात नाही. बेंगळूर सुंदर आहे, जरूर जा, कॉफी प्या. पण जिथे उठून एकच खरं वाक्य बोलायचं होतं, तिथे मी शेवटच्या बाकावर बसून खोटं बोलले, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

हे सगळं आपल्या मंडळाच्या अंकात छापायला देते आहे, आणि तो अंक मी इंदूरला धाडणार आहे. कुसुम, वाचशीलच. पोराला घेऊन ये, उन्हाळ्याची वाट बघू नकोस. ते घड्याळ असेल तर आण. दारात पाट मांडून ठेवते. या खेपेला मी माझ्या चालीने वाढीन, आणि लागतील तेवढी मिनिटं तू लिहून घे.